नकाशात नसलेलं अंथरूण

आत्याची रेक्झिनची पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवली होती, आणि आत्याला न्यायचं कुठं हे मात्र अजून कुणाचंच ठरलं नव्हतं. येणारा-जाणारा त्या पिशवीला अडखळायचा आणि चपला काढता काढता तिला जरा बाजूला सारायचा. दुपारपर्यंत ती सरकत सरकत पार चपलांच्या स्टँडखाली जाऊन बसली.

"ही कुणाची गं?" मी शालनवहिनीला विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. पिशवी मला चांगली ठाऊक होती.

"आत्यांची. संध्याकाळी उदयभावोजी नेणारेत ना त्यांना."

"उदय तर मला म्हणाला, दादाच ठेवून घेतोय."

वहिनी पातेल्यातला चहा ढवळत राहिली. "मग तुम्ही भावंडं बसा आणि ठरवा बाई. माझं ऑपरेशन तोंडावर आलंय. मला माझेच गुडघे ऐकत नाहीत, मी कुणाचं काय करणार?"

हे सगळं सांगलीत, विश्रामबागेतल्या दादाच्या फ्लॅटमध्ये चाललं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विश्वास, उदय धाकटा, मी मधली. आणि हौसाआत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. नांदायला गेली आणि वर्षाच्या आत परत आली, ती कायमची. का आली ते घरात कुणी बोललं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आमची तिघांची नाकं तिनं पुसली, वेण्या घातल्या, शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं. आई-वडील गेल्यावर ती दोघा भावांकडं पाळीपाळीनं राहू लागली. चार महिने सांगली, चार महिने पुणं. पिशवी तीच. पण या खेपेला उदयच्या पोरीची बारावी आली होती, आणि दादाकडं आत्या निजायची ती लहान खोली केतकीच्या कामाला गेली होती.

केतकी दादाची मुलगी. चित्रकलेचं शिकून आलेली, आणि आम्ही सगळे सांगलीत जमलो होतो ते तिच्यासाठीच. तिनं नकाशे केले होते. आता नकाशे म्हटल्यावर मला भूगोलाचं पुस्तक आठवलं, पण ते तसले नव्हते. साखर कारखान्याच्या कॉलनीतलं आमचं जुनं क्वार्टर होतं ना, दोन खोल्या, पुढं पडवी, मागं मोरी, ते पाडून तिथं आता उसाच्या गाड्या उभ्या राहतात. केतकीनं त्या क्वार्टरचे नकाशे केले होते, आमच्या आठवणीतून. आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं गाठून कागद पुढं सारायची आणि म्हणायची, "आठवेल तसं काढा. चुकलं तर चुकू दे. चुकलेलंच मला पाहिजे." मग तिनं तिघांची चित्रं एकावर एक चढवली. दादाची रेघ तांबडी, उदयची हिरवी, माझी पिवळी. त्याचे मोठे मोठे प्रिंट काढून, काचेच्या फ्रेमा करून हॉलच्या भिंतीवर ओळीनं टांगले होते. शेजारीपाजारी येऊन बघून जात होते.

"छान आहे," खालच्या मजल्यावरचे पाटणकरकाका चष्मा वरखाली करत म्हणाले. "पण तुमच्या घराला तीन दारं होती होय?"

"एकच होतं काका," केतकी म्हणाली. "पण प्रत्येकाच्या आठवणीत ते वेगळ्या जागी आहे."

"म्हणजे दोघांचं चुकलंय."

"तिघांचंही चुकलं असेल," ती हसून म्हणाली. काकांना ते काही पटलं नाही. त्यांनी तीन पेढे घेतले, बहुधा दर दारामागं एक.

एका नकाशात नुसते वास होते. मळीचा कुठवर यायचा, रॉकेलचा कुठं, आईच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा कुठं. एकात वडिलांचा मार कुणी कुठं खाल्ला ते. त्यात हिरवा रंगच जास्त होता. उदय पोट धरून हसत होता. एकात प्रत्येकाला कुठं भीती वाटायची ते. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा, त्याखाली केतकीनं एकच शब्द लिहिला होता: झोप. आम्ही कोण कुठं निजायचो ते. प्रत्येकाच्या अंथरुणाची एकेक निळी चौकट.

"पिंप इथं नव्हतं," दादा एकदम म्हणाला. "नलू, तुझं पिंप चुकलंय. पाण्याचं पिंप दाराच्या डाव्या हाताला होतं."

"उजव्या," मी म्हणाले. "त्यात पडून मी मरता मरता वाचले, मला सांगतोस?"

"पडलीस तू, पण ओढून काढलं कुणी? मीच ना? मग मला माहीत नाही होय?"

"तू? तू कडेला उभा राहून बोंबलत होतास. काढलं आत्यानं."

इतकं भांडलो आम्ही त्या पिंपावरून, की आमचे हे कोचावरून म्हणाले, "अहो, फुटलं असेल आता ते." हे शाळेत पी.टी.चे सर. सासुरवाडीला आले की जावई म्हणून चांगल्यातली खुर्ची आणि पहिला कप यांना, त्यामुळे तोंडातून शब्द काढत नाहीत. तेवढं एक बोलले आणि पुन्हा चहाकडं वळले.

पण मला काही स्वस्थ बसवेना. हॉलमध्ये यावं तर हसणं-खिदळणं, आत जावं तर कुजबुज. चहाचा कप मी तीनदा खाली ठेवला आणि तीनदा उचलला. स्वयंपाकघरात उदयनं दादाला फ्रिजपाशी गाठलं होतं.

"मिरजेच्या पुढं एक ठिकाण आहे," तो हळूच म्हणत होता. "बघून आलोय मी. स्वच्छ आहे. बाग आहे, डॉक्टर येतो. मी नाव घालून ठेवलंय."

"तिला सांगितलंस?"

"तूच सांग की. थोरला आहेस."

"सगळं अवघड आलं की मी थोरला," दादा म्हणाला आणि फ्रिज उघडून उगाच आत बघत बसला.

"अरे, तुम्हाला दोघांना काही वाटतं का?" मला राहवलं नाही. "तिनं जन्म घालवला आपल्यापायी आणि तुम्ही तिचं नाव घालून आलात!"

"नलू, तू यात पडू नको," दादा म्हणाला. "तू लेक आहेस. तुला बोलायला काय जातंय? आज संध्याकाळच्या एस.टी.नं तू इस्लामपूरला जाशील."

ते मला झोंबलं, कारण खरं होतं. आमच्यात लेकीच्या घरी जाऊन राहत नाहीत. जेवतात, पोराबाळांच्या हातावर काहीबाही ठेवतात आणि दिवस मावळायच्या आत उठतात. आत्यासुद्धा माझ्याकडं कितीदा आली, पण एक रात्र राहिली नाही. 'राहा गं' म्हटलं की पदर खोचून उभी राहायची. जावयाच्या घरी पाठ टेकायची नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. मी काही म्हटलं तरी ती ऐकणार नाही, हे दादाला माहीत होतं आणि मलाही.

मी तणतणत हॉलमध्ये आले. पाहुणे पांगले होते. आत्या त्या झोपेच्या नकाशापुढं एकटी उभी होती.

अंगानं ती तेव्हा पार वाळली होती. नाकावरचा चष्मा हातानं धरून, दुसऱ्या हाताचं बोट काचेवर टेकवून ती एकेक निळी चौकट हुडकत होती. पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत जायची आणि परत पडवीत यायची. काचेवर तिच्या बोटाचे ठसे उमटले होते.

"काय बघतीस आत्या?"

"ह्यो कोण?" तिनं विचारलं.

केतकी पुढं झाली. "हे आजोबा. ही आजी, ट्रंकेला लागून. हे बाबा, खिडकीखाली. नलूआत्या इथं, भिंतीकडं. आणि उदयकाका."

"बराबर हाय," आत्या म्हणाली. "आन् माझं?"

"तुमचं काय आत्याआजी?"

"माझं हातरूण. कवाधरनं बघतीया. गावना मला."

केतकी हसतच वाकली. मग तिचं हसू गेलं. तिनं सगळा नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला, जणू तो तिनं केलेलाच नव्हता. आत्याच्या नावची चौकट त्यात कुठंच नव्हती. केतकीनं हे सगळं काढून घेतलं तेव्हा आत्या पुण्याला होती, उदयकडं. तिला काय विचारायचं, ती काय चित्र काढणार, म्हणून तिला राहू दिलं होतं. आणि आम्ही तिघांनी आपापलं अंथरूण काढलं, आई-वडिलांची काढली, आणि आत्याचं दुसऱ्यानं काढलं असेल असं धरून चाललो.

"बाबा," केतकीनं हाक मारली. "काका. जरा बाहेर या. आत्याआजी कुठं झोपायच्या?"

"पडवीत," दादा आतून येता येता म्हणाला.

"पडवीत कुठली? चुलीपाशी," उदय म्हणाला. "माझ्या शेजारी."

"चुलीपाशी काय म्हणून? भिंतीकडं झोपायची, माझ्या कुशीला," मी म्हणाले. "तिचा हात हातात धरल्याशिवाय मला झोप यायची नाही."

"नलू, मला पक्कं आठवतंय. मी डोळे उघडले की आत्या शेजारी असायची. पडवीत."

"तुला पिंपसुद्धा पक्कं आठवत होतं!"

आणि पुन्हा जुंपली आमची. दादा पडवी सोडेना, उदय चूल सोडेना, मी भिंत सोडेना. पन्नाशी उलटलेली माणसं आम्ही, आत्या माझ्याजवळ झोपायची, नाही माझ्याजवळ झोपायची, म्हणून हमरीतुमरीवर आलो. वहिनी गुडघा धरून दारात येऊन उभी राहिली. पिंपावरून भांडताना आम्ही हसत होतो. या वेळी कुणी हसत नव्हतं.

"सगळ्यांचं खरं हाय," आत्या म्हणाली.

ती हळूहळू जाऊन स्टुलावर बसली. कोचावर जागा होती, तरी स्टुलावर.

"विश्वासला दमा हुता. धाप लागली की त्याला पडवीत वाऱ्याला घिऊन बसायची आन् तितंच कलंडायची. ह्यो उदय हातरूण ओलं करायचा. वयनी, तुमची आई, कावायची, मारायची त्याला. म्हून मी त्याला चुलीपाशी उबंला घ्यायची आन् पहाटं गोधडी धुवून टाकायची, कुणाला कळू न देता." उदय, एवढा कंपनीतला मॅनेजर, कानापर्यंत लाल झाला. "आन् नलीला भुताचं भ्या. मोरीत भूत हाय म्हणायची. ज्याचं जसं हुतं तशी मी."

"आणि कुणाला काही नसायचं तेव्हा?" केतकीनं विचारलं.

"तवा काय? समद्यांची हातरुणं पडली की उरंल तितं. कवा उंबऱ्यापाशी, कवा मोरीच्या तोंडाला. सगळ्यात शेवटाला पसरायचं, सगळ्यात आधी गुंडाळायचं. कुणी बघितलंच न्हाई, तर ह्यास्नी कसं ठावं असणार? पोरांची चूक न्हाई गं."

केतकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत्यानं दाराकडं बघितलं.

"आता कुणाला दमा न्हाई, कुणाला भ्या न्हाई," ती म्हणाली. "म्हून तर पिशवी दारात हाय."

"आत्या, असं नको ना बोलूस," दादा म्हणाला.

उदय मान खाली घालून उभा होता. "आत्या," तो चाचरत म्हणाला, "एक ठिकाण बघितलंय. आम्ही येत राहू, अगदी नेमानं. तिथं तुला तुझी स्वतःची कॉट असेल. खिडकीपाशी. वर तुझं नाव लिहिलेली."

"माझ्या नावाची?"

"हो."

"दुसरं कुणी निजायचं न्हाई तिच्यावर?"

"नाही आत्या. तुझीच."

आत्याचा चेहरा फुलला. खोटं नाही सांगत, फुलला. "मग जाते की," ती म्हणाली. "माझ्यासाठनं जागा राखून ठिवलीया म्हंजे लई झालं."

ती टोमणा मारत असती तर मी सोसलं असतं. पण तिला खरंच आनंद झाला होता, आणि तो मला बघवेना.

"काही जायचं नाही तिथं," मी म्हणाले. "तू माझ्याकडं चल. आज. आत्ता."

सगळ्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग कोचावर बसलेल्या यांच्याकडं.

"नलू, उगाच भरीला पडू नको," दादा म्हणाला. "दोन भाचे धडधाकट असताना आत्या जावयाच्या घरी? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

"घालू देत. लोक आले होते का तिची पिशवी उचलायला?"

"लेकीच्या दारात हातरूण पसरू न्हाई, नली," आत्या म्हणाली. "जावायाचं घर ते. माझ्यापायी तुला बोल नको."

तेव्हा हे बोलले. कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "आत्या, दारात पसरू नये हे बरोबर आहे. वाऱ्याचा त्रास होतो. तुम्ही आत पसरा की."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. जावई असं बोलतो हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग ती खुदकन हसली, पण लगेच तिचा चेहरा घट्ट झाला. मान वर करून तिनं मला विचारलं, "जागा कुठं हाय तुझ्या घरात? तोंडानं सांगू नको. दाव."

केतकी धावत जाऊन कागद घेऊन आली आणि तीच निळी पेन्सिल. मी जमिनीवर बैठक मारून माझं इस्लामपूरचं घर काढलं. हे पुढचं दार, हा हॉल, हे स्वयंपाकघर, ही आमची खोली. घाईघाईत भिंती सगळ्या वाकड्या आल्या. शेवटी मागच्या खोलीवर बोट ठेवलं. "ही तुझी. पूर्ण खोली. हवा येते, उजेड येतो. तिकडं कुणी येत नाही की जात नाही. एकदम निवांत."

"कुणी येत न्हाई?"

"नाही ना. शांत झोपशील."

"मग नको ती."

तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. मुठीत धरली, लिहायची सवय नव्हती तिला. कागद स्वतःकडं ओढला, दार कुठलं ते मला पुन्हा विचारून घेतलं, स्वयंपाकघर कुठलं तेही. मग दारातून स्वयंपाकघराकडं बोटानं एक वाट धरली आणि त्या वाटेवर, हॉलच्या बरोब्बर मधोमध, तिनं चौकट काढली. चांगली ऐसपैस. रेघ जिथं तिथं तुटली होती, ती तिनं पुन्हा गिरवून जोडली.

"हितं," ती म्हणाली.

"अगं आत्या, ती जायची-यायची वाट आहे. घरात शिरलेला माणूस आधी तुलाच अडखळेल!"

"अडखळू दे."

"दिवसभर लोक..."

"जल्मभर कुणाच्या पायात आले न्हाई मी, नली," आत्या म्हणाली. "आता यायचंय."

पेन्सिल तिनं केतकीच्या हातात दिली आणि उठून उभी राहिली. चपलांच्या स्टँडखालची पिशवी दादानं स्वतः वाकून काढली. धूळ झटकली, खाली रिक्षापर्यंत नेली. रिक्षात ठेवल्यावरही पिशवीचा बंद सोडेना, शेवटी यांनी त्याच्या हातातून तो सोडवून घेतला.

तशीच मांडली मग तिची कॉट, हॉलच्या मधोमध. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई ही तऱ्हा, भिंतीला लावा की. लावली नाही. आलेला प्रत्येक माणूस कॉटला वळसा घालायचा आणि घालता घालता विचारायचा, "काय आत्या, बरं आहे का?" दूधवाला विचारायचा, यांच्या शाळेतली पोरं विचारायची, मीटर बघायला आलेला माणूससुद्धा विचारायचा. सगळ्यांच्या आधी निजायची ती, आणि एकदा निजली की घरात टी.व्ही. बंद. सकाळी सगळ्यांच्या शेवटी उठायची. चांगलं ऊन तोंडावर आलं तरी पडून राहायची आणि आमची धावपळ बघायची. दादा-उदय यायचे, दोघं कॉटच्या दोन अंगांना बसायचे. शेवटपर्यंत ती तिथंच निजली, आणि गेली ती त्याच कॉटवर.

तो कागद केतकीनं नेला आणि त्याचाही प्रिंट काढून, फ्रेम करून मला पाठवला. माझ्या वाकड्या भिंती आणि मधोमध आत्याची चौकट. खाली तिनं काही नाव घातलं नाही. दारातून आत आलं की समोरच लावलाय.

कॉट काढूनही आता बरीच वर्षं झाली. हॉल केवढा मोकळा दिसतो. परवा केतकी आली होती, खुर्चीत बसून आमच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "नलूआत्या, तुम्ही दोघं पुढच्या दारातून स्वयंपाकघरात सरळ का जात नाही?"

मी पाहिलं. हे पाण्याचा तांब्या घेऊन आतून येत होते. मधे काही नव्हतं, तरी वळसा घालूनच येत होते.